सोडायचं, टाकायचं नाही

धप्पाताईचं काम काय, असं कुणी विचारलं की तिचा नवरा आधी खाकरायचा आणि मग अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आमची ही रोज सकाळी डबा घेऊन जाते, दिवसभर लोकांच्या वस्तू पाडते आणि संध्याकाळी दमून घरी येते." ऐकणारा हसला की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "बावीस वर्षं झाली, पण घरात एक चमचा पाडला नाही हिनं. सगळी हौस तिकडेच फिटते."

विनोद बाजूला ठेवला तरी सगळं खरं होतं. ती एका लहानशा प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिथे खोक्यांची चाचणी व्हायची. कारखान्यांतून नवी नवी खोकी यायची. आत कधी काचेचे दिवे, कधी वजनकाटे, कधी औषधाच्या बाटल्या. प्रश्न एकच असायचा. वाटेत कुणाच्या तरी हातून हे खोकं सुटणार, हे ठरलेलंच आहे, तर सुटल्यावर आतला माल टिकेल का? म्हणून ते आधी इथे दहा वेळा सोडायचं. सहा बाजूंवर, तीन कडांवर आणि सगळ्यात आधी, एकदाच, कोपऱ्यावर.

बाजू आणि कडा यंत्र सांभाळायचं. कोपऱ्यावर उभं केलेलं खोकं मात्र त्या यंत्रात बसत नसे. त्यासाठीचा वेगळा जोड साहेब दर वर्षी मागवणार होते आणि दर वर्षी विसरत होते, कारण धप्पाताई होती. ती खोकं तिरकं धरायची, खालचा कोपरा आणि वरचा समोरचा कोपरा डोळ्यांनीच एका रेषेत आणायची, "कोपरा!" अशी हाक द्यायची आणि दोन्ही हात एकाच क्षणी उघडायची. खाली लोखंडी पत्रा आणि त्यावर खडूची पूड. खोकं उचललं की कोपऱ्याच्या टोकाला पांढरा ठिपका, बस्स. साहेब म्हणायचे, यंत्र घेतलं तरी त्याला असा ठिपका काढायला दोन वर्षं शिकवावं लागेल.

नवीन माणूस कामावर आला की त्याला ती पहिल्या दिवशी एवढंच सांगायची, "सोडायचं, टाकायचं नाही. टाकताना आपला राग, घाई, काहीतरी त्या खोक्यात जातं. सोडलं की फक्त खोकं खाली जातं." नवीन माणूस मान डोलवायचा आणि टाकायचा.

खोक्याची नोंद ठेवायला डोळस होता. त्याचं हे नाव पडलं ते त्याच्या कॅमेऱ्यामुळे. सेकंदाला पाचशे चित्रं काढणारा तो कॅमेरा त्यानं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. जाड भिंगांचा चष्मा, वयानं ताईपेक्षा चारेक वर्षं लहान, बोलायला कमी. तिच्याबरोबर बावीस वर्षं काम करून त्यानं एक नियम कधी मोडला नव्हता. पाडणाऱ्यानं बघायचं आणि हाक द्यायची, लिहिणाऱ्यानं ऐकायचं आणि लिहायचं. ताई "कोपरा" म्हणाली की वहीत "कोपरा" पडायचं. हा नियम पहिल्या साहेबांनी घातला होता, खोकं पडल्यावर दोघांनी वाद घालत बसू नये म्हणून. पुढे तो साहेब गेला, नियम राहिला, आणि त्याचं कारण कुणाला आठवेनासं झालं.

तीन महिन्यांपूर्वी ताईच्या हातून घरात पहिला कप पडला.

तसं त्यात काही नव्हतं. कप रिकामा होता, कान आधीच मोडलेला होता. नवरा आतून ओरडला, "अरे वा! अखेर घरच्यांचा नंबर लागला!" तीही हसली. पण केरसुणीनं तुकडे गोळा करता करता ती मध्येच थांबली. कप निसटला नव्हता. हात ओला नव्हता, धक्का लागला नव्हता. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपण होऊन उघडलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं. कप खाली गेल्यावर कळलं.

मग किल्ल्या पडल्या. मग साबण, पण साबण कुणाच्याही हातून पडतो, म्हणून तो तिनं मोजला नाही. मग भाजी चिरताना सुरी पडली, पायापासून चार बोटांवर. कामावरच्या सदऱ्याचं वरचं बटण लावायला सकाळी जास्त वेळ लागू लागला. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर एक बरं झालं असतं, दुखणाऱ्या हाताला घरात मान असतो, लोक विचारतात, शेक देतात. न दुखता दगा देणाऱ्या हाताचं काय सांगायचं? तिनं कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टर काहीतरी नाव सांगेल आणि नाव एकदा मिळालं की ते घरात राहायलाच येईल, असं तिला वाटायचं. ती जड भांडं डाव्या हातानं उचलू लागली, चहा ट्रेमधून नेऊ लागली. नवरा म्हणाला, "आजकाल आपल्याकडे फारच थाट चाललाय." तिनं त्याला तो थाट वाटू दिला.

कामावर मात्र हात नीट चालतो, असं ती स्वतःला बजावत राहिली. खोकं दोन्ही हातांनी धरायचं असतं आणि शेवटी सोडायचंच असतं. जो हात धरू शकत नाही त्याला सोडायला काय अडचण? हा विचार तिला इतका सोयीचा वाटला की तो तिनं पुन्हा तपासला नाही. इतरांची खोकी दहादा तपासणारी बाई, स्वतःच्या बाबतीत पहिल्यावरच थांबली.

असं सगळं चाललेलं असताना लेक आली, चौतीस दिवसांची नात घेऊन.

लेक पंधरा दिवस राहणार होती. तिला झोप हवी होती, आईच्या हातचं जेवण हवं होतं आणि मुलीला घेणारे आणखी दोन हात हवे होते. आजोबांनी तर घड्याळ दुरुस्तीचं दुकान चारही दिवस उशिराच उघडलं आणि नातीला घेऊन घरभर फिरले, प्रत्येक घड्याळापुढे थांबून "हे बघ, हे मागे पडतं, आजीसारखं" असं शिकवत राहिले. आजी मात्र लांबून बघायची. जवळ आली की वाकून बघायची, गाल हुंगायची, दुपटं नीट करायची, आणि कुणी "घे ना" म्हटलं की तिच्याकडे काहीतरी तयार असायचं. हात ओले आहेत. सर्दी झाल्यासारखं वाटतंय. आत्ताच बाहेरून आले, आधी हातपाय धुते. गॅसवर दूध आहे.

बसून घेता आलं असतं, हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. पण बसून घेतलं की दोन मिनिटांनी मुलगी रडणार, आणि मग कुणीतरी म्हणणार, "उठ की, जरा फिरव तिला." आणि उठायचं तर सांगायचं काय?

उभ्या बाईच्या कोपरापासून जमीन किती, हे तिला वेगळं मोजायची गरज नव्हती. तिथून खाली यायला वस्तूला अर्धा सेकंद लागतो. मऊ, कठीण, दोन किलोचं, दहा किलोचं, सगळ्याला तेवढाच. अर्धा सेकंद म्हटला की लोकांना वाटतं, झेलू. पण ते अंतर वेळेत सारखं विभागलेलं नसतं. सेकंदाच्या पहिल्या दहाव्या हिश्शात वस्तू जेमतेम तीन बोटं खाली येते, आणि शेवटच्या तेवढ्याच वेळात हातभर. माणसाला कळेपर्यंत तीन बोटांचा वेळ संपलेला असतो आणि हातभराचा सुरू झालेला असतो. बावीस वर्षं हे तिच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. आता दुपट्यात गुंडाळलेली ती पाहिली की तिला नात दिसायच्या आधी उंची दिसायची. अशा आजीला काय म्हणावं, हे तिचं तिलाच कळेना.

पाचव्या दिवशी सकाळी ती कामावर निघत होती. नवरा दुकानात गेलेला. आत कुकरची शिट्टी झाली, त्याच वेळी दाराची घंटा वाजली आणि लेकीच्या खांद्यावर मुलीनं दूध ओकलं. तिन्ही गोष्टी एकदम. लेक म्हणाली, "आई, धर पटकन," आणि मुलीला पुढे केलं.

धप्पाताई एक पाऊल मागे सरकली. तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले. तिनं नेले नाहीत, ते गेले.

दाराची घंटा पुन्हा वाजली. लेक तशीच उभी होती, मुलगी पुढे धरलेली, आणि आईच्या मागे गेलेल्या हातांकडे बघत होती. मग तिनं मुलीला हळूच छातीशी ओढून घेतलं.

"एवढं आहे का?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "तुला मुलगा हवा होता की आम्ही न विचारता लग्न केलं त्याचं अजून मनात आहे? काय आहे ते एकदा बोलून तरी टाक, आई. पाच दिवस बघतेय मी. शेजारच्या काकूंनी घेतलं, दूधवाल्यानं घेतलं. तू नाही घेतलंस."

"तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

धप्पाताईनं डब्याकडे बघितलं. "मला उशीर होतोय," असं काहीतरी ती म्हणाली आणि डबा उचलून निघाली, डाव्या हातानं. मागून लेकीचं वाक्य आलं, "मी उद्या जाते परत. उगाच तुला त्रास नको."

रस्ताभर तिला लोकांचे हातच दिसत होते. पिशव्या धरलेले, छत्र्या धरलेले, मुलांची बोटं धरलेले. सगळ्यांनी आपापलं धरून ठेवलेलं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर औषधाच्या कुप्यांचं खोकं होतं. काचेच्या दोनशे लहान कुप्या, नव्या प्रकारच्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांत बसवलेल्या. कारखान्याला घाई होती, माल तयार होता, फक्त अहवालावर सही व्हायची होती. साहेब सकाळीच सांगून गेले, "ताई, दुपारपर्यंत उरका. तुमचा हात लागला की झालं."

तिनं खोकं तिरकं धरलं, रेषा जुळवली, "कोपरा!" म्हणाली आणि सोडलं. धप्प. डोळसनं वहीत लिहिलं, कॅमेरा बंद केला, आणि नेहमीसारखा फडकं घेऊन पुढे झाला, खोक्यावरची खडूची पूड पुसायला.

नेहमीसारखा. ताईच्या डोक्यात हा शब्द अडकला. डोळस खोकं पुसायला कधीपासून लागला? इतकी वर्षं तर ती स्वतः खोकं उचलायची, ठिपका बघायची, समाधान पावायची. हा कधीपासून आधी पोचायला लागला?

"थांब," ती म्हणाली.

"असू द्या ताई, पुसतो. पूड साहेबांच्या कपड्यांना लागते."

"साहेब इथे कुठे आहेत? थांब म्हटलं ना."

तो थांबला, पण फडकं खोक्यावरच ठेवून. तिनं ते बाजूला केलं आणि खोकं उलटलं. कोपरा कोरा होता. जसा कारखान्यातून आला तसाच, टोकदार, नवा. आणि शेजारची अख्खी बाजू पांढरी झाली होती, पीठ भुरभुरलेल्या पोळपाटासारखी.

खोकं कोपऱ्यावर पडलंच नव्हतं. ते हवेत वळून आडवं, आरामात, सपाट पडलं होतं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"डोळस, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून तुला मारू शकते. चित्र दाखव."

त्यानं दाखवलं. पडद्यावर खोकं आणि तिचे हात, सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ. पण फक्त डावा हात नीट दिसत होता, उजवा खोक्याच्या आड. तिनं भिंतीशेजारी बघितलं. कॅमेऱ्याची तिपाई उजवीकडच्या जुन्या खुणेवर नव्हती. पलीकडे, डाव्या बाजूला उभी होती, आणि पायांखाली जमिनीवर नव्या खुणा काढलेल्या होत्या, खडूनंच.

"हे कधी हलवलंस?"

डोळसनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला. चष्मा नसला की त्याचा चेहरा एकदम उघडा पडायचा. "अडीच महिने झाले," तो म्हणाला.

"त्याच्या आधीची चित्रं आहेत?"

होती. त्यानं ती पुसून टाकली नव्हती, त्याच्याच्यानं ते झालं नव्हतं. त्यानं एक लावलं. उजव्या बाजूनं घेतलेलं. तिचा हात, तिच्याच सदऱ्याची बाही, आणि अंगठा उघडताना दिसला, मग बोट. डावा हात तसाच घट्ट. डोळस एकेक चित्र पुढे सरकवत होता आणि पुटपुटत मोजत होता, कारण मोजायची सवय. वीस चित्रांनंतर डावा हात उघडला. सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. तेवढ्या वेळात खोकं एका बाजूनं खाली झुकलं, फिरू लागलं आणि पत्र्यावर पोचेपर्यंत पुरतं आडवं झालं.

तिनं ते तीन वेळा बघितलं. आपला हात आपल्याशी खोटं बोलताना असा निवांत बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर?

"किती खोकी?"

"सव्वीस. सगळीच नाही चुकली. नऊ-दहा बरोबर कोपऱ्यावर पडलीत."

"आणि बाकीची पास?"

"बाकीची पास."

"मग लिहिलं का नाहीस? कोपऱ्यावर पडलं नाही, एवढंच लिहायचं होतं!"

डोळसनं चष्मा घातला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुम्ही 'कोपरा' म्हणालात. तुम्ही म्हणाल ते मी बावीस वर्षं लिहितोय. एक दिवस उठून तुमच्यासमोर दुसरं लिहायचं, हे मला नाही जमलं. म्हटलं, दोन दिवसांत हात बरा होईल. मग वाटलं, कुणाला दिसू नये. तेवढं तर करू शकतो."

त्याच्या आवाजात माया होती आणि तीच तिला सहन झाली नाही. तो वाईट माणूस असता तर सोपं होतं. यानं चांगुलपणानं तिची तिपाई हलवली होती, आणि त्या चांगुलपणावर स्वार होऊन सोळा-सतरा खोकी बाहेर गेली होती. आता कुणीतरी कुठल्या तरी गोदामात ती उचलणार, कुणाचा तरी हात सुटणार, आणि कोपरा पहिल्यांदाच जमिनीला लागणार. आत जे असेल ते कुणाच्या तरी उशाशी पोचायचं असणार.

"बिचारा," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती हे आपल्या हाताबद्दल म्हणाली की डोळसबद्दल, ते तिला कळलं नाही. मग तिनं वही उचलली. डाव्या हातानं उचलली, पण लपवून नाही.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट नव्हते, फक्त घाबरले होते, आणि घाबरलेला साहेब कायद्यासारखं बोलतो. सोळा-सतरा अहवाल मागे घ्यावे लागतील. कारखान्यांना कळवावं लागेल. कुप्यांचं खोकं आज थांबेल. डोळसशी ते नंतर बोलतील. "आणि तुम्ही, ताई, उद्यापासून पाडायला नको. टेबलाचं काम बघू, आधी डॉक्टरचा कागद आणा."

"हो."

ती उठली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे अडीच-तीन महिन्यांच्या आधीचं सगळं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"कशावरून?"

तिच्याकडे उत्तर होतं. खडूचा ठिपका. पण ते ठिपके तर खोक्यांबरोबर निघून गेले होते, कुठल्या कुठे, रद्दीत, शेगडीत, आणि वहीत उरला होता फक्त तिचा शब्द. बावीस वर्षांचा. सकाळपर्यंत तो पुरत होता. ती वही टेबलावर ठेवून बाहेर आली. जिन्यात कठडा धरून जरा उभी राहिली. रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

घरी पोचली तेव्हा भर दुपार होती. लेकीची बॅग पलंगावर उघडी होती आणि ती लहान लहान कपड्यांच्या घड्या त्यात रागानं बसवत होती. मुलगी बाजूला जागी पडलेली, छताशी काहीतरी बोलत. आईला अवेळी आलेली बघून लेक म्हणाली, "काय झालं? बरं नाही का?"

"बस," धप्पाताई म्हणाली.

"मला आवरायचंय."

"बस गं. माझं ऐक आणि मग जा."

लेक पलंगाच्या कडेवर बसली. धप्पाताई मात्र पलंगावर बसली नाही. तिनं सतरंजी ओढून जमिनीवर टाकली आणि भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसली. मग तिनं सांगितलं. कप, किल्ल्या, सुरी. अंगठा कसा आपण होऊन उघडतो. डोळसची तिपाई. वीस चित्रं. सोळा-सतरा खोकी. मध्ये एकदा तिनं उजवा हात पुढे धरून दाखवला. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, साधा हात, जरा सुकलेला अंगठ्याचा उंचवटा.

"मला मुलगा-बिलगा काही नको होता," ती म्हणाली. "तिला घ्यायला मी मरतेय गं. पाच दिवस झाले. सकाळी तू ती पुढे केलीस ना, तेव्हा मला ती खाली पडलेली दिसली. घेतलेली नाही दिसली, पडलेलीच दिसली."

लेकीच्या मांडीवर मुलीचं झबलं होतं, त्याची घडी तिनं केली, उलगडली, परत केली. तिला राग आला होता की रडू, ते तिच्या चेहऱ्यावरून ठरेना. "तीन महिने," ती शेवटी म्हणाली. "तीन महिने बाबांनाही नाही सांगितलंस?"

"नाही."

"सुरी पायाजवळ पडली तेव्हाही नाही?"

"नाही."

"परवा मी तुला तेलाची कढई उचलायला लावली होती," लेक म्हणाली आणि मग मात्र तिला रडू फुटलं. "किती मूर्ख आहेस गं तू आई. किती मूर्ख आहेस."

"आहे ना. म्हणून तर जमिनीवर बसलेय. इथून कुठे पडणार?"

लेक रडता रडता हसली, आणि तिनं नाक पुसलं. बाहेर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं. मुलीनं दचकून दोन्ही हात हवेत फेकले, झेलायला कुणी नाही असं वाटल्यावर फेकतात तसे, आणि रडू लागली. लेकीनं तिला उचललं. थोपटलं. मग ती खाली सतरंजीवर आईसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार बरोबर."

"तू तर उद्या जाणार होतीस."

"गप्प बस."

तिनं मुलीला पुढे केलं. धप्पाताईनं हात पुढे केले, डावा मानेखाली, उजवा कमरेखाली, आणि वजन आलं. खोक्याचं वजन कळतं, त्याचा आकडा डोक्यात येतो. याचा आकडा आला नाही. नुसती ऊब आली आणि दुधाचा वास. मुलगी रडायची थांबली आणि या नव्या तोंडाकडे भुवया गोळा करून बघू लागली, साहेब अहवाल बघतात तशी.

लेकीनं हात काढले नव्हते.

"सोड," धप्पाताई हलकेच म्हणाली. "घेतलंय मी."

लेकीनं डावा हात काढला. उजवा राहिला. आईच्या उजव्या हाताच्या खाली, पालथा नाही, उताणा, बोटं पसरलेली. ती सोडायचा प्रयत्न करत होती, ते धप्पाताईला दिसत होतं. मनगट मागे येत होतं आणि परत जात होतं. प्रयोगशाळेत असं कुणी खोक्याखाली हात धरला असता तर ती त्याच्यावर कडाडली असती. मग तिला आठवलं की सकाळी स्वतःचे हात पाठीमागे नेताना तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"तसं नाही आई, मला..."

"राहू दे गं. मला बरं वाटतंय."

लेकीनं मान खाली घातली. तिचा हात तिथेच राहिला, खाली, आईच्या हाताला टेकलेला. वर नात, मध्ये आजी, खाली लेक, आणि त्याच्याही खाली सतरंजी. मुलगी जांभई देऊन झोपली तेव्हाही तिघींपैकी कुणी हललं नाही. संध्याकाळी नवरा दुकान बंद करून आला, दारात उभा राहिला, आणि त्याची ती कायमची थट्टा त्याच्या ओठांवर आली. मग त्यानं त्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं, एकाखाली एक असलेल्या हातांकडे बघितलं. चपला बाहेरच काढून तो त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसला.